पट्टीवरची मराठी

बातम्या चालू असताना बोलणाऱ्या माणसाच्या छातीशी एक पट्टी सरकत येते, चारपाच सेकंद थांबते आणि निघून जाते. वर नाव, खाली ओळख. न्यूजरूममध्ये तिला ‘ॲस्टन’ म्हणतात. ॲस्टन ही पडद्यावर अक्षरं उमटवणारी यंत्रं बनवणारी ब्रिटिश कंपनी. अमेरिकेत याच पट्टीला ‘कायरॉन’ म्हणतात, तेही कंपनीचंच नाव. ती जुनी यंत्रं कधीच भंगारात गेली, नावं मात्र जिभेवर राहिली. ही पट्टी, तिच्याखालून धावणारा टिकर, कोपऱ्यातला बोधचिन्हाचा बग, लाल ‘ब्रेकिंग’, अधूनमधून सगळा पडदा अडवणारी फुल प्लेट आणि कार्यक्रम संपताना घाईघाईने वर सरकणारी श्रेयनामावली, हा सगळा ऐवज म्हणजे या पुस्तकाचा विषय.

विषय किरकोळ वाटेल, पण ज्या घरात वर्तमानपत्र येत नाही तिथेही टिकर येतो. सलूनमध्ये, खानावळीत, दवाखान्याच्या बाकांसमोर टीव्ही आवाज बंद करून चालू असतो आणि तिथे बसलेल्यांसाठी बातमी म्हणजे ती पट्टीच. एवढ्या डोळ्यांसमोरून जाणाऱ्या या मराठीला लेखकाचं नाव नसतं, संपादक असलाच तर दुसऱ्या कामात असतो, आणि मुद्रितशोधक तर नसतोच. माझी तक्रार एका ओळीत सांगायची तर पडद्यावरचा मजकूर हे ग्राफिक्स विभागाचं सजावटीचं काम समजलं गेलं आणि तिथेच घोळ झाला. खरं तर हे लिहिण्याचं आणि छापण्याचं काम आहे. पुस्तकाचे लेखक (नाव मुखपृष्ठावर आहेच) पीसीआरमध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षात, सीजीच्या, म्हणजे कॅरेक्टर जनरेटरच्या, खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेले आहेत. त्यामुळे त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. ते गृहीत धरूनच त्यांनी लिहिलं आहे.

छपाईशी पडद्याचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळले ते छपाईच्या धंद्यातून. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दृश्यांच्या मधे येणाऱ्या पाट्या इंग्रजीत होत्या तशा देशी भाषेतही होत्या. छापखान्यात हात काळे केलेल्या माणसाला चित्राच्या मधे मजकूर कुठे आणि किती वेळ ठेवायचा हा प्रश्न परका वाटला नसावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तो काळ कार्डांचा. स्टुडिओंमध्ये तेव्हा सर्रास हीच रीत होती: काळ्या कार्डावर पांढरी अक्षरं लिहायची, कार्ड स्टँडवर लावायचं, एक कॅमेरा त्याच्यावर रोखायचा आणि व्हिजन मिक्सरवर काळा भाग गाळून उरलेली पांढरी अक्षरं दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर चढवायची. याला ‘सुपर’ म्हणत. अजूनही काही जुनी मंडळी म्हणतात. नामावली लांब असली तर कागदाची गुंडाळी रुळावर फिरवायची. हात थरथरला की नावं थरथरायची.

या गावठी वाटणाऱ्या पद्धतीत एक मोठी सोय होती. अक्षर लिहिणाऱ्याला अक्षर कळत होतं. रफार कुठे बसतो, जोडाक्षर किती खाली उतरतं, दोन ओळींत किती अंतर सोडायचं हे कार्ड रंगवणाऱ्याच्या मनगटात होतं. त्याच सुमाराला कमल शेडगे मराठी नाटकांच्या जाहिरातींत एकेका शीर्षकाला स्वतःचा चेहरा देत होते, आणि बापूराव नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली भाषा संचालनालयाने काढला होता. अक्षराचा विचार करणारी माणसं आणि संस्था होत्या. मग यंत्र आलं.

कॅरेक्टर जनरेटर रोमन लिपीसाठी घडला होता. सव्वीस अक्षरं, प्रत्येकाला एकेक चौकोनी घर, एकापुढे एक ठेवत जायची. देवनागरी अशी रांगेत उभी राहत नाही. तिला रांगेत आणायचं काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणन संस्था उभी राहिली आणि ‘जिस्ट’ नावाचं ते तंत्र पुण्याला आलं. साध्या संगणकात जिस्ट कार्ड बसवलं की भारतीय लिप्या पडद्यावर उमटत. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचं इस्की हे मानक ठरलं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. उपशीर्षकांसाठी सी-डॅकने ‘लिप्स’ नावाची प्रणालीही केली. हा इतिहास पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात तपशिलाने आला आहे, म्हणून मी पुढे जातो. एक टप्पा मात्र सांगायला हवा. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले त्या दिवशी अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी पडद्याच्या तळाशी अखंड टिकर सुरू केला. आणीबाणीची ती सोय नंतर वर्षानुवर्षं तशीच राहिली. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या आल्या तोवर टिकरशिवाय वृत्तवाहिनी असते हेच लोक विसरले होते.

आता मुख्य दुखण्याकडे येऊ. जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या. त्या एका दमात उमटत नसत. आधी विषम रेषा, मग सम रेषा, असे सेकंदाला पन्नास फेरे. अक्षराची एखादी आडवी रेघ बरोबर एका रेषेएवढी पातळ असली तर ती एका फेऱ्यात दिसायची आणि दुसऱ्यात गायब व्हायची, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा लुकलुकायची. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुकड्यातुकड्यांनी येतात, त्यामुळे हे चटकन जाणवत नाही. आपल्याकडे अख्ख्या शब्दाच्या डोक्यावरून शिरोरेषा जाते. इंग्रजी वाहिनीवर स्वस्थ बसलेली पट्टी, त्याच जाडीच्या मराठी अक्षरांत लिहिली की कपाळाशी थरथरायला लागायची. प्रेक्षक म्हणायचे, केबलवाल्याचा सिग्नल खराब आहे. उपाय अगदी साधा होता: शिरोरेषा निदान दोन रेषांएवढी जाड ठेवायची, नाहीतर उभ्या दिशेने किंचित धूसर करायची. हे कळायला किती वेळ गेला असेल आणि किती बिचाऱ्या केबलवाल्यांनी बोलणी खाल्ली असतील! एचडीवाल्यांनीही फार हसू नये. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या बहुतेक १०८० आय पद्धतीच्या आहेत आणि त्यातला ‘आय’ म्हणजे हेच दोन फेऱ्यांचं चित्र. फरक इतकाच की नवे टीव्ही ते आपल्या परीने सांधून घेतात.

दुसरं दुखणं उंचीचं. बाहेरून तयार आलेलं टेम्प्लेट रोमनच्या उंचीवर बेतलेलं असतं. त्यात ‘कर्तृत्व’ लिहून पाहा. रफार वरच्या कडेला अडतो, ऋकार खालच्या कडेला, आणि पट्टी दोघांनाही कापून टाकते. टिकर तर आणखी अरुंद. तिथे ‘कर्ज’चं ‘कज’ होतं, ‘वर्षा’चं ‘वषा’ होतं आणि ‘कृषी’ची ‘कषी’. मग कुणीतरी अक्षराचा आकार लहान करतं. अक्षर पूर्ण दिसतं, पण वाचता येत नाही. पट्टी चार पिक्सेल उंच करायची हा मार्ग बहुधा कुणाला सुचत नाही, कारण पट्टीची उंची परदेशी डिझायनरने ठरवून दिलेली असते आणि तिला हात लावायचा तर परवानगी लागते.

तिसरं आणि मला सर्वांत जास्त सलणारं दुखणं ‘ऱ्या’चं आहे. महाराष्ट्राच्या बातम्यांत ‘शेतकऱ्यांना’, ‘अधिकाऱ्यांनी’, ‘कर्मचाऱ्यांचा’ हे शब्द आले नाहीत असा तास जात नाही. हा अर्धा र हिंदीला लागत नाही. जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात तो उमटवण्यासाठी र आणि हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य चिन्ह घालावं लागे. मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते चिन्ह गळलं की अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘शेतकर्यांना’ मदत जाहीर होते. हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. पण ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ कोकणात. ‘आचाऱ्यांना’ पगार द्यायचा असतो आणि ‘आचार्यांना’ वंदन करायचं असतं. युनिकोडमध्ये यासाठी आज स्वतंत्र अक्षर आहे. तरी पट्टीवर अजून रफार दिसतो, कारण मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो, तिथून न्यूजरूमच्या प्रणालीत जातो, तिथून ग्राफिक्सच्या इंजिनात, आणि या साखळीतला एखादा दुवा हमखास जुना असतो.

ॲनिमेशनवाल्यांचे प्रताप वेगळेच. शीर्षक भारदस्त दिसावं म्हणून अक्षरांत अंतर सोडायची फॅशन रोमनमधून आली. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा दात पडलेल्या कंगव्यासारखी दिसते. अक्षरं एकेक करून उडत येण्याचा तयार परिणाम लावला तर आधी ‘क’ येतो, मागून त्याची वेलांटी धावत येते, आणि जोडाक्षर डोळ्यांदेखत जुळतं. अक्षराला बाहेरून कड दिली तर प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत उभा काप दिसतो. शिवाय आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. इंग्रजी पट्टीत नाव मोठ्या लिपीत आणि पद छोट्या लिपीत लिहून जे आपोआप साधतं, ते आपल्याला अक्षराच्या वजनाने, आकाराने आणि रंगानेच साधावं लागतं. त्यासाठी वेगवेगळ्या वजनांचे फॉन्ट हवेत. बराच काळ ते नव्हते. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी घडवला आणि आपल्या दिवंगत पत्नीचं नाव त्याला दिलं. तो कार्यालयीन मजकुरासाठी होता. तो उचलून पट्टीवर टाकला आणि किडकिडीत दिसला तर त्यात जोशींचा दोष नाही. आता ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ अनेक वजनांत आणि मुक्त परवान्याने मिळतो, त्यामुळे सबब उरलेली नाही. ल आणि श मराठी वळणाचे हवेत हे २००९ मध्ये शासनाने निर्णय काढून सांगितलं. वाहिन्यांवर अजून दोन्ही वळणं सुखाने नांदतात.

इथवरचं सगळं तंत्र झालं, ते शिकता येतं. ॲस्टनची दुसरी ओळ शिकवायला अवघड. पहिल्या ओळीत नाव असतं, त्यात शुद्धलेखनापलीकडे वाद नाही. दुसऱ्या ओळीत माणूस कोण ते सांगायचं असतं. मंत्र्याला खातं असतं, डॉक्टरला पदवी असते, प्रवक्त्याला पक्ष असतो. ज्याला यातलं काही नाही त्याचं काय? तो ‘स्थानिक’ होतो, ‘प्रवासी’ होतो, किंवा ‘संतप्त नागरिक’. संतप्त आहे की नाही हे समोर दिसतंच आहे. लिहायची गरज असलीच तर तो तसा दिसत नाही म्हणूनच. विदर्भातल्या एखाद्या अंगणात बसलेली बाई कॅमेऱ्यासमोर बोलत असते आणि खाली एकच ओळ येते, ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी’. नाव नाही. रिपोर्टरने विचारलेलं असतं, पण बाइटबरोबर, म्हणजे त्या बोलण्याच्या तुकड्याबरोबर, लिहून पाठवायचं राहून गेलेलं असतं. रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमात, बाइट तीन मिनिटांवर आलेला असतो. पीसीआरमध्ये पॅनल प्रोड्यूसर ओरडतो, “ॲस्टन दे!” आणि सीजीवरचं पोरगं समोर जे आहे ते देऊन टाकतं. त्या बाईने अर्धं मिनिट राज्याशी बोलून घेतलं आणि राज्याला तिचं नाव कळलं नाही. पुस्तकात या एका चुकीवर पाच पानं आहेत, आणि फोन करून नाव मिळवण्यापासून ते नाव मिळेपर्यंत पट्टीच न देण्यापर्यंत सगळे पर्याय तपासले आहेत. माझं मत शेवटच्या पर्यायाला. पट्टी नसली तर काही बिघडत नाही.

‘आरोपी’च्या जागी ‘गुन्हेगार’ टाकणं, बातमीची खात्री नसली की वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह चिकटवून मोकळं होणं, हेही याच ओळीतले उद्योग. जागा कमी असते ही सबब नेहमी पुढे येते. पण ‘टीका’ ही दोन अक्षरं. तिथे ‘घणाघात’, ‘हल्लाबोल’ आणि ‘जोरदार टोला’ यांना जागा कुठून मिळते?

वेळेचा हिशेब त्यापेक्षा सोपा आहे. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: मजकूर पडद्यावर इतका वेळ राहावा की तो दोनदा वाचून व्हावा. लिहिणाऱ्याला मजकूर आधीच माहीत असतो, त्यामुळे त्याला तो नेहमी लवकर वाचून होतो, म्हणून दोनदा. बीबीसीच्या उपशीर्षकांच्या नियमावलीत मिनिटाला १६० ते १८० शब्द हा वेग धरला आहे. पण शब्द मोजून मराठीचं भागत नाही. इंग्रजीत तीनचार शब्द लागतात तिथे आपण ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ हा एकच शब्द लिहितो. टिकरचं गणित तर शुद्ध अंकगणित. एका फेऱ्याला चार पिक्सेल सरकवला तर सेकंदाला दोनशे, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ओलांडायला सुमारे साडेनऊ सेकंद. वेग पूर्णांकातच ठेवावा लागतो. साडेतीन वगैरे दिला की अक्षरांच्या कडा वळवळतात. बातम्या साठल्या म्हणून टिकरचा वेग वाढवण्यापेक्षा बातम्या कमी कराव्यात हे लेखकांचं म्हणणं मला मान्य आहे, पण ते कोणत्याही आउटपुट हेडला पटेल असं वाटत नाही.

पडद्यावरचं अक्षर किती मोठं हवं हे सांगणारे नियमही आहेत. जाहिरातींतल्या तळटीपांसाठी एएससीआय या जाहिरात मानक परिषदेने किमान उंची ठरवून दिली आहे: ५७६ रेषांच्या चित्रात १२ पिक्सेल, १०८० रेषांच्या चित्रात १८. ही उंची मोजायची इंग्रजीच्या लहान अक्षरांवर. मराठी तळटीप लिहिताना नेमकं कुठून कुठे मोजायचं? लेखक सुचवतात, शिरोरेषेपासून पायापर्यंत, मात्रा आणि उकार सोडून. सूचना रास्त आहे. सिनेमात कुणी सिगारेट पेटवली की खाली उमटणारी सूचनाही कायद्याने बांधलेली आहे. पांढऱ्यावर काळं, वाचता येईल असं, आणि सिनेमाच्याच भाषेत. एखाद्या वाहिनीच्या शैलीपुस्तिकेत नसेल एवढा टायपोग्राफीचा विचार आरोग्य खात्याने करून ठेवला आहे!

या अक्षरांच्या ताकदीची कल्पना यावी म्हणून एका प्रयोगाचा उल्लेख करतो. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींना १९९६ च्या सुमारास सुचलं की गाण्याचे बोल त्याच भाषेत पडद्यावर दाखवावेत, गाण्याबरोबर शब्दन् शब्द रंग बदलत. गाणं लोकांना पाठ असतं. कानावर येणारा शब्द डोळ्यांना दिसला तर अडखळत वाचणाऱ्याचा सराव आपोआप होईल. १९९९ मध्ये गुजरातेत दूरदर्शनवर हे सुरू झालं आणि पुढे ‘चित्रहार’, ‘रंगोली’पर्यंत गेलं. शाळा सुटलेल्या, अर्धवट वाचता येणाऱ्या माणसांना कुणी वर्गात न बसवता वाचतं ठेवायची ही युक्ती. हेच बोल ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याही कामाचे. मराठी मालिकांना, भावगीतांच्या कार्यक्रमांना हे सहज जमण्यासारखं आहे. वाहिन्यांकडे संवादांची टंकलेली संहिता तयार असतेच. ती फेकून देण्याऐवजी पडद्यावर टाकायची एवढंच.

मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओंचं प्रकरण मला थोडं घाईत उरकल्यासारखं वाटलं. तिथे तळाशी आणि उजव्या कडेला ॲपची बटणं असतात, म्हणून मजकूर वर ठेवा, हा सल्ला बरोबर आहे. पण आपोआप उमटणाऱ्या मराठी उपशीर्षकांत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचं जे होतं त्यावर अजून लिहायला हवं होतं. पुढच्या आवृत्तीत यावं.

एका मुद्द्यावर मात्र लेखकांशी माझं सरळ भांडण आहे, आणि तो म्हणजे अंक. त्यांचं म्हणणं असं की धावफलक, शेअर बाजार आणि मतमोजणी यांत इंग्रजी अंक वापरावेत. लहान आकारात देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते. ही गल्लत मी नाकारत नाही, पण ती फॉन्टची आहे, अंकांची नाही. १ ची शेपटी सरळ खाली ओढली आणि ९ चं पोट मोकळं केलं की ती मिटते. खरी गल्लत होते ती दोन्ही अंक एकाच पडद्यावर आले की. आपला ४ आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवून पाहा. वरच्या पट्टीत ‘४ जागांवर आघाडी’ आणि खालच्या तक्त्यात इंग्रजी आकडे असले, तर दहा फुटांवरून बघणाऱ्याला उमेदवार चार जागांवर पुढे की आठ, हे कळायला निवेदकाचा आवाज वाढवावा लागतो. लेखकांनी नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यातही वर देवनागरी आणि खाली इंग्रजी असे दोन्ही अंक आहेत. मी त्यांना तो बदलायला सांगितला. त्यांनी नकार दिला आणि वर म्हणाले, प्रस्तावनेत लिहा. म्हणून लिहिलं.